पोकरमध्ये सत्ती-दुर्री आली? मग फोल्ड कसलं करताय!

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात फिट करा, फोल्डचं, म्हणजे पत्ते टाकून द्यायचं बटन भित्र्या लोकांसाठी असतं. टेक्सास होल्डेम पोकरमध्ये हातात येणाऱ्या दोन पत्त्यांच्या १३२६ जोड्या होतात, सूटेड (दोन्ही एकाच छापाचे, जसं दोन बदाम) की ऑफसूट (वेगवेगळ्या छापाचे) एवढंच बघितलं तर १६९ प्रकार, आणि नऊ जणांच्या टेबलावर यातले बहुतेक सरळ फेकायचे असं शहाणे लोक सांगतात. म्हणजे रात्री साडेबाराला डोळे चोळत लॅपटॉप उघडायचा तो काय दुसऱ्यांचा खेळ बघायला?

तर आता नव्वी-चव्वी आली समजा, दोन्ही बदामाची. सूटेड आहे की! विषय संपला, घाला चिप्स. एका रंगाचे पत्ते असले की जिंकायचा चान्स जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी वाढतो म्हणतात, पण स्क्रीनवर ते दोन लाल बदाम शेजारी शेजारी किती गोड दिसतात ते कुठल्याच टक्क्यात येत नाही. फ्लॉपवरच (टेबलावर सगळ्यांसाठी उघडणारे पहिले तीन पत्ते) फ्लश (एकाच छापाचे पाच पत्ते) लागायचा योग साधारण ११९ वेळांत एकदा. मला परवा लागला. तीन बदाम एकामागून एक पडले, मी खुर्चीत सरळ बसलो, मुद्दाम टाइम बँक, म्हणजे विचाराला मिळणारा जादा वेळ, संपत येईपर्यंत थांबलो (हा माझा अभिनय, समोरच्याला माझं तोंड दिसत नाही हे लक्षातच नाही आलं) आणि ऑल-इन केलं, होत्या नव्हत्या सगळ्या चिप्स घातल्या. समोरून पापणी लवायच्या आत कॉल, म्हणजे त्यानेही तेवढ्याच लावल्या. त्याच्याकडे बदामाचा एक्का आणि बदामाचीच पंजी, म्हणजे माझ्याहून मोठा फ्लश. असो, फ्लश तर लागला ना!

स्मॉल ब्लाइंडला (पत्ते यायच्या आधीच किमान बोलीचे अर्धे पैसे भरावे लागतात ती सीट) बसला असाल तर विचारच करू नका, अर्धे पैसे आधीच गेलेत, ते वाचवायला अजून अर्धे घाला आणि मग फ्लॉपनंतर प्रत्येक राउंडला सगळ्यांच्या आधी बोलायची वेळ आपल्यावर, म्हणजे आपल्याला काहीच लागलं नाही ही बातमी टेबलाला सगळ्यात पहिल्यांदा आपणच द्यायची.

एक्का-तिर्री ऑफसूट तर हक्काचा हात, एक्का आहे त्यात! अगदी पहिल्या सीटवरून रेझ करा, बोली वाढवा. फ्लॉपला एक्का पडेल, समोरचा नुसता कॉल करत राहील, तुम्हाला वाटेल घाबरलाय बिचारा, आणि शेवटी तो एक्का-राणी उघडेल. किकर (जोडी सारखीच असली की निकाल लावणारा दुसरा पत्ता) नावाची भानगड असते हे तेव्हा नव्याने कळतं. मला आत्तापर्यंत चार वेळा नव्याने कळलंय.

कोणी हसलं तर पोकरचा दिग्गज डॉयल ब्रन्सनचं नाव फेका. १९७६ आणि १९७७, लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटचा शेवटचा हात माणसाने दश्शी-दुर्रीवर जिंकला, दोन्ही वेळा फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी). तेव्हा समोर एकच गडी उरला होता आणि आपल्यासमोर आठ आहेत, पण एवढ्या तपशिलात कोण जातंय.

आणि चुकून सत्ती-दुर्री (सगळ्यात फालतू म्हणतात तो हात) फोल्ड केलीत, तर टेबलावर नजर ठेवा. कधीतरी सत्ती-सत्ती-दुर्री पडणारच. तो दिवस जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, मित्रांना पाठवा. बाकीच्या शेकडो वेळा काहीच पडलं नव्हतं त्याचे स्क्रीनशॉट कोणी काढत नाही. एक्क्यांच्या जोडीसमोरसुद्धा सत्ती-दुर्री आठातून एकदा जिंकते राव, आणि हरलात तर साइट रिग्ड, म्हणजे आधीच सेट केलेली आहेच, चॅटमध्ये तसं लिहून टाका.

मी हे सगळं मनापासून पाळतो. खेळाची नोंद ठेवणारा ट्रॅकर सांगतो शंभरातल्या ६८ हातांत मी स्वखुशीने चिप्स घालतो. आणि इज्जत बघा, पूर्वी तासतास रिकामी सीट शोधत फिरायचो, आता मी ज्या टेबलावर बसतो तिथे दोन मिनिटांत वेटिंग लिस्ट लागते.