अर्थिंगचे पाचशे

मागच्या मंगळवारी माझ्या अडीच हजारांच्या बिलातून पाचशे रुपये मजुरी म्हणून कापले गेले. मजुरी मी केलेल्या कामाची नव्हे, गिऱ्हाइकाच्या फुवानं, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, माझ्याच घरी केलेल्या कामाची. पाचशेचं काही नाही हो, असं मी आतापर्यंत सहा जणांना सांगितलंय. सहाव्याला सांगताना आवाज जरा चढला.

धुळ्याला देवपुरात घराच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. अहिराणी गाणी रेकॉर्ड करतो. हळदीची, कानबाई देवीची, आणि हल्ली ज्याला त्याला यूट्यूबवर टाकायची असतात ती. मंगळवारी साक्रीकडचा एक पोरगा याहीनला, म्हणजे विहिणीला, चिडवायचं गाणं घेऊन आला. सोबत फुवा. गायक कधी एकटा येत नाही. कोणाचा दाजी येतो, कोणाचा दोस्त येतो, 'फक्त बसतो' म्हणून. फक्त बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

फुवा लाईनमन म्हणून रिटायर झालेले. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाच्या शेजारी टेस्टर. आत आले, खुर्चीवर बसले आणि खोली अशी न्याहाळली, जशी आमच्याकडे मुलगी द्यायची आहे. मग स्पीकरकडे बोट केलं.

"हाऊ कितला वॉटना शे?"

माझे स्पीकर म्हणजे यामाहाचे एचएस ५. पाच इंची पांढरा पडदा, काळी पेटी. गाणं गोड करून दाखवणं त्यांच्या स्वभावात नाही, जे वाईट आहे ते वाईट ऐकवतात, म्हणून माझा त्यांच्यावर जीव. ही पांढऱ्या पडद्याची परंपरा त्यांच्या घराण्याची. यामाहानं १९७८ साली एनएस-१० काढला, तो काही फार गोड वाजायचा नाही, तरी जगभरच्या स्टुडिओंत टेबलावर तोच. त्याचा वरचा आवाज कानाला टोचतो म्हणून लोक त्याच्या ट्वीटरवर, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या पडद्यावर, टिश्यू पेपर चिकटवायचे. २००१ मध्ये तो बंद झाला, पण पांढरा पडदा आजही दिसला की आमच्यासारख्यांचे हात आपोआप जोडले जातात. यातलं काहीही फुवांना ऐकायचं नव्हतं.

"सत्तर," मी म्हणालो.

"सत्तर हजार?"

"नाही. सत्तर."

फुवांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं माइककडे पाहिलं. "आरे भाऊ," फुवा म्हणाले, "सत्तरना तर आमना गोठामा बल्ब शे."

मग बाकीच्या सामानाची झडती झाली. स्कार्लेट हा माझा लाल इंटरफेस. माइकचा आवाज आत घेतो, कॉम्प्युटरला समजेल असा करतो, आणि गायक जास्त ओरडला तर बटणाभोवतीचं हिरवं कडं लाल होतं. फुवांचा निकाल: "स्टॅबिलायझर." शुअरचा एसएम ५८ स्टँडवर दिसला, तो मात्र त्यांनी ओळखला. "हाऊ भाषणवाला." यात चूक काही नाही. तो माइक १९६६ पासून जसाच्या तसा आहे, खाली पडला तर जाळीला पोचा येतो आणि भाषण सुरू राहतं. गायकासाठी मी ऑडिओ-टेक्निकाचा कंडेन्सर माइक लावला होता. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात, हे सांगितल्यावर फुवांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "माइकले करंट लागस?" लागतो म्हटलं. "कितला अँपियर?" इथं मी विषय बदलला.

कंडेन्सरचं दुखणं असं, की त्याला सगळंच ऐकू येतं. गायकाचा श्वास, शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी, गल्लीतला भंगारवाला. म्हणून रेकॉर्डिंगला कूलर बंद, पंखा बंद, दार बंद, आणि दारावर गोधड्या. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवून आवाज घुमायचा थांबतो असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यानं खोली पोल्ट्रीसारखी दिसते, बाकी फरक नाही. जाड, भरलेलं कापड हवं. आईनं शिवलेल्या चार गोधड्या मी भिंतीवर टांगल्या आहेत. दर थंडीत त्यातल्या दोन परत मागितल्या जातात, म्हणून माझी डिसेंबरमधली गाणी बाकीच्या गाण्यांपेक्षा थोडी जास्त घुमतात. कोणाच्या लक्षात आलेलं नाही. कोणाच्या म्हणजे कोणाच्याच नाही, आणि हेही दुखणंच आहे.

तर बाहेर चव्वेचाळीस अंश, आत गोधड्या, गायक बनियनवर. पोरगा चांगलं गात होता. तिसऱ्या टेकला तर असं गायला, की मी मान डोलावली. शेवटच्या ओळीवर मागून 'भ्रर्रर' आवाज आला. फुवांनी कूलर लावला होता.

"पोऱ्या घामेघाम व्हई जायेल," ते म्हणाले.

पुढच्या टेकला फुवांचा फोन वाजला. त्याच्या पुढच्या टेकला तो वाजू नये म्हणून फुवा फोन घेऊन बाहेर गेले, आणि जाताना दार उघडं ठेवलं.

शेवटी दीडेक तासानं मी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे टेक लावून बसलो. रीपर ज्या माणसानं केलं, त्यानंच आधी विनॅम्प केलं होतं. कॉलेजात आम्ही गाणी विनॅम्पवर ऐकली, आता पोटही त्याच माणसावर चाललंय. साठ दिवस फुकट वापरा म्हणतात, एकसष्टाव्या दिवसानंतर फक्त एक खिडकी उघडते आणि विकत घ्या अशी नम्र विनंती करते. सॉफ्टवेअर बंद पडत नाही. साठ डॉलरची लाज वाटायला मला तीन वर्षं लागली. शेवटी घेतलं.

पोराच्या दोन ओळी थोड्या सुराखाली होत्या. ऑटो-ट्यून लावलं, फुवा मागे उभे. आधी ऐकवलं, मग लावून ऐकवलं. फुवा गंभीर झाले.

"म्हंजे पोऱ्याले गाता येत नही, मशीन दुरुस्त करस. मंग पैसा मशीनले का तुले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी माहिती दिली. अडचणीत सापडलेला माणूस माहिती देतो. म्हटलं, फुवा, हे ऑटो-ट्यून ज्यानं काढलं तो अँडी हिल्डेब्रँड गाण्यातला माणूस म्हणून पुढे आला नाही, तेल शोधणाऱ्या कंपन्यांसाठी काम करायचा. जमिनीत धमाका करायचा, त्याचा आवाज खालच्या थरांवर आपटून वर येतो, तो मोजायचा आणि गणितानं ओळखायचं, खाली काय आहे. तेच गणित त्यानं गळ्याला लावलं आणि १९९७ मध्ये हे बाजारात आलं. जमिनीखालचं तेल ओळखायची विद्या आज नवरदेवाच्या भावाचा कोमल निषाद ओळखते.

इतकी सुरेख माहिती मी आजवर कोणालाही दिलेली नाही. फुवा हळूहळू खुर्चीवर बसले.

"म्हंजे जमीनमा काय शे ते समजस?"

"हो. म्हणजे ते वेगळं यंत्र..."

"कितला फूट?"

"खूप खोल. पण हे जे माझ्याकडे आहे ना, ते..."

"मंग हाई मशीनवर पानी सापडी का?"

मी नाही म्हणालो. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. फुवांनी वावरात तीन बोअर घेतले होते. "तीन मारात, तिन्ही कोल्ला गयात." पहिल्याला पाणाड्या आणला, तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरभर फिरला, जिथं नारळ उभा राहिला तिथं खणलं, तीनशे फुटांवर नुसता धुराळा. दुसऱ्याला दुसरा पाणाड्या, त्याच्याकडे लिंबाची फांदी. तिसरी जागा फुवांनी स्वतः ठरवली, कारण तिथं मुंग्यांचं वारूळ होतं. प्रत्येक बोअरचे फूट, खडक कुठे लागला, केसिंग किती टाकलं, गाडीवाल्यानं किती जास्त लावले, सगळं तपशीलवार. याहीन बिचारी हेडफोनमध्ये अर्धवट चिडवलेली राहिली. भाचा मोबाईल बघत बसला. मी मात्र ऐकत गेलो, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटायला लागलं, आणि वाईट वाटतंय याचा रागही यायला लागला, कारण माझा तासाचा हिशोब चालू होता.

बोलता बोलता फुवा थांबले. मान तिरकी केली.

"हाई काय घुमी राह्यनं?"

आता हे माझं जुनं गळू. फेब्रुवारीपासून माझ्या रेकॉर्डिंगमध्ये एक बारीक घूंऽऽ येत होती. आपल्या विजेची पन्नास हर्ट्झची घूं, आणि तिच्या मागोमाग शंभर, दीडशे, दोनशे अशी तिची वंशावळ. मी काय काय केलं? केबल बदलल्या. वेगळा बोर्ड आणला. आरएक्स या आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरमधलं डी-हम लावून एक-एक हर्ट्झ कापत रात्री काढल्या. पण शंभर-दीडशेच्या आसपासच तर पुरुषाच्या आवाजाचं मूळ असतं. तिथं जास्त कापलं की जवान पोरगा गाताना आजारातून उठल्यासारखा वाटतो. चार महिन्यांचा संसार होता तो माझा त्या घूंबरोबर. आणि ती फुवांना, दोन्ही कानांत केस असलेल्या माणसाला, खुर्चीतून ऐकू आली.

त्यांनी खिशातून टेस्टर काढला, माझ्या लॅपटॉपच्या पत्र्याला लावला. आत मंद नारिंगी दिवा. "हात लाव. काय वाटस?"

मुंग्या येत होत्या. त्या गेले चार महिने येत होत्या. मी समजत होतो, लॅपटॉप महागडा आहे म्हणून.

"अर्थिंग मरेल शे तुनं."

पुढचं आम्ही सगळे बघत राहिलो. फुवा मागच्या अंगणात गेले, तुळशीच्या बाजूला वर्षानुवर्षं बुजलेली अर्थिंगची जागा पायानं उकरली. काळी माती, मेचा महिना. भेगेत बोट जाईल अशी. अर्थिंगला ओल लागते, म्हणून तर खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात. ओल गेली की करंटला जायला वाट नाही. पाइपावरची तारेची चाप गंजलेली. ती ठोकायला फुवांनी मागे न बघता हात पुढे केला, आणि मी हातात दिली माझी तबल्याची हातोडी. पितळी. पंढरपूरहून आणलेली. तिच्यानं त्यांनी चाप ठोकली, गंज खरवडला, मग हुकूम: "एक बादली पानी लई ये. मीठ बी." आई आतून खडेमिठाची बरणीच घेऊन आली. चार महिन्यांत माझ्या स्टुडिओत आईनं दाखवलेला हा पहिला रस.

आत येऊन हेडफोन लावला. काहीच नाही. स्वच्छ. इतकं शांत, की कंडेन्सरमध्ये गल्लीपलीकडची गिरणी ऐकू आली.

मला आनंद झाला का? झाला असणार. पण आधी आठवल्या त्या रात्री. आणि हेही, की आता हा माणूस साक्रीपर्यंत सांगत जाणार.

रात्री आठला मिक्स करून ऐकवलं. फुवा म्हणाले, गाण्यात बेस नाही, दणका नाही. मग पैसे. पोरानं दोन हजार दिले आणि फुवांकडे पाहिलं. फुवा आकाशाकडे पाहत होते. "पाचशे मजुरीना," ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

याच गाण्यावर वरातीत जो डीजे वाजणार, त्याला हे लोक एका रात्रीचे तीस हजार देतात. मोजून, आगाऊ, वर जेवण. तिथं कोणी म्हणत नाही, गाणं तर पेनड्राइव्हमध्ये होतं, तू काय केलं? माझ्याकडे मात्र दोन ओळी सुरात आणल्या तर मशीननं केल्या, आणि घूं घालवली तर फुवांनी. हातोडीची डावी बाजू चेपली आहे. दुरुस्त होत नाही म्हणतात.

काल दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"वयखं का? फुवा."

ओळखलं म्हटलं.

"रविवारे वावरमा ये. लॅपटॉप लई ये. नारयवाला पाचशे लेस. तुले बी पाचशे देसू."

मी सविस्तर सांगितलं, की त्या सॉफ्टवेअरला फक्त गळा कळतो, जमीन नाही. फुवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, येताना चार्जर आणशील ना, मोटारीजवळ पॉइंट आहे, तिथली अर्थिंग चांगली आहे.

साक्रीपर्यंतचं गाडीभाडं कोण देणार, ते विचारायचं राहिलं.