समुद्राकाठचा फ्लॅट आणि लिफ्टचे पैसे

"बाल्कनीत बसायचं, चहा प्यायचा, समोर समुद्र. बास! आयुष्यात अजून काय पाहिजे माणसाला?"

राजाभाऊंचं हे वाक्य आता सांगलीतल्या आमच्या विश्रामबागच्या कट्ट्याला पाठ झालंय. समुद्राकाठच्या फ्लॅटची एक जाहिरात सगळ्यांच्याच मोबाइलवर येऊन गेली आहे, आणि राजाभाऊंना तिथंच फ्लॅट घ्यायचाय. रत्नागिरीच्या बाजूला वन बीएचके, पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस वगैरे. राजाभाऊंनी तिचं छापील माहितीपत्रक मिळवलंय. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतात, आणि कुणाचा हात भडंगाचा असला की देत नाहीत.

"रेलिंग कशाचं हाय?" मुबारकनं विचारलं.

"कुठलं रेलिंग?"

"बाल्कनीचं. जिथं बसून च्या पिणार तुमी."

"असेल की लोखंडाचं! रंग मारून देतात ते. इंपोर्टेड रंग."

मुबारकचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि कोकणपट्टीत त्यानं ग्रील-रेलिंगची पुष्कळ कामं केलीत. या विषयात आमच्यात खरं बोलायचा अधिकार त्याचाच, असं माझं स्पष्ट मत आहे. तो म्हणाला, "इथं सांगलीत रंग मारला की चार वर्षं बघायला नको. तिकडं एक पावसाळा झाला की वेल्डिंगच्या जोडातनं तांबडं पाणी सुटतंय. स्टेनलेस स्टील लावा म्हणाल, तर 304 नंबरच्या स्टीलला बी डाग पडत्यात. त्याच्यापेक्षा भारी 316 नंबरचं लावा म्हटलं आणि भाव सांगितला, की गिऱ्हाईक फोन ठेवतंय. आणि एसीचं बाहेरचं युनिट, खिडकीच्या बिजागऱ्या, गिझर, सगळ्याची तीच गत."

"मुबारक, तू प्रत्येक गोष्टीत गंज बघतोस!"

"रेलिंग परवडलं राजाभाऊ. ते दिसतंय तरी. सळई दिसत न्हाय."

एवढं बोलून तो वाकला. आमच्या कट्ट्याची एक कड फुटली आहे, तिथून सळई बाहेर आलीय. त्यानं ती नखानं खरवडली. तांबडा पापुद्रा सुटून तळहातावर पडला, तो त्यानं राजाभाऊंच्या पुढ्यात धरला. "ह्यो बघा. गंजली की सळई फुगती. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागती, मग वरचं सिमेंट फोडून बाहेर येती. हितं खारं वारं न्हाय तरी ही दशा. तिकडं तर मीठ स्लॅबात मुरतंय."

राजाभाऊंनी माहितीपत्रक आधी लांब ठेवलं. मग म्हणाले, "अमेरिकेत नाही राहत लोक? मायामीत बघा कसे टॉवर आहेत, थेट वाळूवर!"

कुलकर्णी सर इतका वेळ गप्प होते. भूगोल शिकवलेला माणूस, त्यांच्यापुढं मायामीचं नाव काढायलाच नको होतं.

"मायामीला लागूनच सर्फसाइड आहे. चँप्लेन टॉवर्स साउथ, बारा मजली, 1981 मध्ये बांधलेली. 24 जून 2021 च्या पहाटे, लोक झोपेत असताना अर्धी इमारत खाली आली. 98 माणसं गेली."

कुणी काही बोललं नाही. सर पुढं म्हणाले, "पडण्याचं कारण तपासणाऱ्यांवर सोडा. मला त्याच्या आधीचं महत्त्वाचं वाटतं. 2018 मध्ये इंजिनिअरनं लेखी दिलं होतं की पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग गेलंय, खालचं काँक्रीट खराब झालंय. मग नुसत्या मीटिंगा आणि भांडणं. कमिटीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. शेवटी एप्रिल 2021 मध्ये दीड कोटी डॉलरची वर्गणी ठरली, फ्लॅटमागं कमीत कमी 80 हजार. पैसे भरायला सुरुवात 1 जुलैपासून होती."

"आणि बिल्डिंग पडली 24 जूनला," मुबारक म्हणाला.

मला विचाराल तर समुद्राकाठच्या फ्लॅटचं खरं दुखणं हेच आहे. खारं वारं सोसता येतं, पैसे टाकले की त्यावर इलाज आहेत. पण ते पैसे सगळ्यांनी मिळून आणि वेळेवर टाकावे लागतात. तिकडच्या सोसायटीतले निम्मे मालक पुण्या-मुंबईचे, उरलेले आपल्यासारखे घाटावरचे. येणार मे महिन्यात आणि डिसेंबरात. सर्वसाधारण सभेला कोरम कुठून होणार? कुलूपबंद फ्लॅटच्या भिंतीत ओल कुठवर चढली, हे बघणार कोण? आपल्याकडच्या उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, सगळं लिहिलेलं आहे. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा पैसा, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, 15 वर्षांच्या पुढच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, 30 च्या पुढं दर 3 वर्षांनी. पण सह्या करायला माणसंच नसली तर त्या उपविधीला कोण विचारतो? मायामी ज्या राज्यात आहे, त्या फ्लोरिडात 2022 मध्ये तपासणीचा आणि दुरुस्तीनिधीचा कडक कायदा केला, तर महिन्याचा खर्च असा वाढला की निवृत्त माणसं फ्लॅट विकायला निघाली.

"मी भाड्यानं देणार," राजाभाऊ म्हणाले. "पर्यटक! मेंटेनन्स त्यातनंच निघतोय."

"मालक स्वतः राहत नसला की नॉन ऑक्युपन्सी चार्ज लागतो," सर म्हणाले. "सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत."

"आणि पावसाळ्यात कोण येणार, बेडूक?" दिलीप इतक्या वेळानं बोलला. "आंबा घाटात दरड आली की तुमी हिकडं, फ्लॅट तिकडं."

"तू बोलू नकोस! 2019 च्या पुरात तुला वर कुणी घेतलं होतं?"

"तुमी? तुमचीच गाडी आमी चौघांनी ढकलत काढली गावभागातनं! साधं पेट्रोल घातलं न्हाईसा नंतर."

झालं, मग पुराचं निघालं. गाडी कुणी ढकलली, कुणाचं गादीचं सामान कुणाच्या माळ्यावर राहिलं, आणि कुणी अजून परत दिलं नाही. समुद्र राहिला बाजूला.

मुबारकनंच गाडं परत आणलं. "मजला कितवा घेताय?"

"चौथा. सी व्ह्यू चौथ्यावरनंच आहे."

"लिफ्ट हाय?"

"दोन आहेत!"

"आणि समजा, तळमजल्यावाला म्हणाला, मी लिफ्ट वापरत न्हाय, मी पैसे देणार न्हाय?"

"देणार नाही म्हणजे?" राजाभाऊ उसळले. "सोडतो होय त्याला! वापरा नाहीतर नका वापरू, सगळ्यांना सारखेच पैसे, कायदा आहे! कोर्टात खेचीन!"

आधी दिलीप फुटला, मग सगळा कट्टा. चहाच्या गाड्यावरचं पोरगंसुद्धा किटली खाली ठेवून हसायला लागलं. राजाभाऊ आमच्याच अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर राहतात, आणि लिफ्ट दुरुस्तीच्या पैशांवरून त्यांचं सेक्रेटरीशी काय चाललंय, हे अख्ख्या विश्रामबागेला माहीत आहे. सेक्रेटरी म्हणजे कुलकर्णी सर.

सरांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं.

"लिहा सर," मुबारक म्हणाला. "थकबाकीसकट लिहा."