एलिस आयलंडवर आडनावं बदलली जात नव्हती

‘अधिकाऱ्याला यिद्दिश आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्याने दुसरंच लिहून टाकलं.’ न्यूयॉर्कला उतरलेल्या, यिद्दिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणाऱ्या कुटुंबांबद्दलची ही गोष्ट पुन्हा फिरते आहे. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही.

एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र. १८९२ साली सुरू झालेल्या या केंद्रात अधिकारी नावं लिहून घेतच नसत. प्रवाशांची यादी जहाज कंपनीचे लोक जर्मनीतल्या हॅम्बुर्ग, ब्रेमेनसारख्या बंदरावर, जहाज सुटण्याआधीच तयार करत. एलिस आयलंडवर फक्त त्या यादीवरून उलटतपासणी व्हायची आणि तीही बहुधा दुभाष्यामार्फत; यिद्दिश बोलणारे दुभाषे नोकरीलाच होते.

मग आडनाव बदललं कुठे? बऱ्याचदा घरातच. कामावर सोयीचं जावं, मुलांना शाळेत चिडवू नये, म्हणून लोकांनी ते स्वतःच बदललं. नागरिकत्वाच्या कागदांत हा बदल अनेकदा दिसतो.

म्हणून अमेरिकेत गेलेल्या पणजोबांना शोधताना अमेरिकन आडनाव यादीत सापडलं नाही तर नोंदच नाही असं समजू नका. १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जात जहाजाचं नाव आणि उतरल्याची तारीख असते. ती धरून मागे जा. जहाजाच्या यादीत पणजोबा बहुधा जुन्याच नावाने भेटतील: सॅम नव्हे, श्मुएल किंवा श्मूल. १९०७ पासूनच्या यादीत तर मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ताही असतो. मूळ गाव कळायला तो रकाना सोन्यासारखा. हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ च्या याद्या बऱ्याच टिकल्या आहेत, ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या.