‘दोन वर्षे काढा, मोठी कंपनी आपोआप’ : एका संदेशाचा प्रतिवाद

गोंदिया जिल्ह्यात बिरसीच्या धावपट्टीपासून काही कोसांवर आमचे गाव आहे. धानाच्या बांध्यांवरून प्रशिक्षणाची छोटी विमाने दिवसभर घिरट्या घालत असतात, त्यामुळे मुलाला पायलट करण्याचा विचार आमच्याकडे पूर्वीइतका अचाट राहिलेला नाही. या विचाराला खतपाणी घालणारा एक संदेश सध्या भंडारा-गोंदियाच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : “अमेरिकेत मोठ्या विमान कंपन्यांनी छोट्या मार्गांचे काम प्रादेशिक कंपन्यांना दिले आणि नव्या वैमानिकांसाठी हजारो जागा निघाल्या. तिथे दोन वर्षे काढली की मोठ्या कंपनीत आपोआप जागा मिळते. नाव तेच, काम तेच. पगारही आता भरपूर आहे. उडान योजनेमुळे आपल्याकडेही हेच होणार. अमरावतीला एअर इंडियाचे विमान येते आणि एअर इंडियाचीच शाळा उघडते आहे.”

तालुक्याच्या गावी बँकेत शैक्षणिक कर्जांची प्रकरणे मी बरीच वर्षे पाहिली. निवृत्तीनंतरही हाच संदेश दाखवून वावर गहाण ठेवण्याबद्दल विचारणारे दोन पालक माझ्या ओसरीवर येऊन गेले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. संदेश सगळाच खोटा असता तर एका वाक्यात काम भागले असते. त्यात खरे आणि अर्धे खरे एकत्र आहे, त्यामुळे तांदळातले खडे निवडावेत तसे बसून निवडावे लागते.

आधी ‘नाव तेच, काम तेच’ हे घेऊ. अमेरिकेत डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या मोठ्या कंपन्यांची छोट्या गावांकडे जाणारी विमाने बहुतांशी स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय यांसारख्या प्रादेशिक कंपन्या चालवतात. विमानावर रंग आणि नाव मोठ्या कंपनीचे असते, तिकीट तीच विकते, मार्ग, वेळा आणि भाडे तीच ठरवते, इंधनाचा खर्चही सहसा तीच उचलते. प्रादेशिक कंपनी वैमानिक आणि इतर कर्मचारी पुरवते, विमाने सांभाळते आणि उड्डाणांच्या व तासांच्या हिशेबाने ठरलेला मोबदला घेते. आपल्या एसटी महामंडळाने काही शिवशाही गाड्या भाड्याने घेतल्या, तेव्हा गाडीवर नाव महामंडळाचे आणि वाहकही महामंडळाचा, पण गाडी व चालक खासगी मालकाचे, अशी व्यवस्था होती. त्या चालकाला कोणी महामंडळाचा कर्मचारी मानले नाही. प्रादेशिक कंपनीच्या वैमानिकाचे स्थान नेमके तेच आहे.

नाव एक आणि मालक दुसरा असण्याचा अर्थ अमेरिकेला १२ फेब्रुवारी २००९ रोजी कळला. न्यू यॉर्क राज्यातील बफेलो शहराजवळ एक विमान घरावर कोसळले आणि विमानातील ४९ व जमिनीवरील एक अशा ५० जणांचा मृत्यू झाला. तिकिटे कॉन्टिनेंटल कंपनीची होती, विमान मात्र कोल्गन एअर ही प्रादेशिक कंपनी चालवत होती. चौकशीत सहवैमानिकेचा वर्षाचा पगार १६ हजार डॉलरच्या आसपास असल्याचे पुढे आले आणि लोक चकित झाले. विमानाचा वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने केलेली चुकीची कृती हे अपघाताचे कारण ठरवण्यात आले, त्यामुळे कमी पगारामुळे विमान पडले असे कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण काम तेच असले तरी पगार तोच नव्हता, एवढे त्यातून निर्विवाद दिसते. २०१० मध्ये झालेल्या कायद्याने तिकीट विकतानाच प्रत्यक्ष विमान कोण चालवणार हे सांगणे बंधनकारक केले. नाव तेच म्हणजे सगळे तेच असते, तर असा कायदा करावा लागला नसता.

‘हजारो जागा निघाल्या’ हे आकड्यापुरते खरे आहे. मात्र त्यांतल्या कित्येक जागा नव्या नव्हत्या. मोठ्या कंपनीचे वैमानिक स्वतःच्या विमानांनी ज्या मार्गांवर जात, तेच मार्ग कमी पगाराच्या माणसांकडे वळवले गेले. विहिरीतले पाणी पाटाने दुसऱ्या वावरात नेले म्हणून विहिरीचे पाणी वाढत नाही. हे सर्वांत आधी ओळखले ते मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी. किती मोठी विमाने बाहेर देता येतील यावर त्यांनी आपल्या करारांत मर्यादा घालून घेतल्या, आणि आज ती मर्यादा साधारणपणे ७६ आसने आणि ८६ हजार पौंड, म्हणजे सुमारे ३९ टन वजन, अशी आहे. ती किती कडक आहे याचा एक मासला पाहा. ७६ आसनांपर्यंतच्या विमानांची संख्या करारात ठरलेली असल्याने युनायटेडने २०१९ मध्ये सुमारे ७० आसनांची बॉम्बार्डियर विमाने घेऊन त्यांत फक्त ५० आसने ठेवली आणि त्या विमानाला नवे नावही मिळाले. काम बाहेर देण्यात वैमानिकांचेच हित असते, तर त्यांच्याच संघटनांनी एकेका आसनासाठी असा हट्ट धरला नसता.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ‘दोन वर्षे’ आणि ‘आपोआप’. विमान कंपनीत वैमानिकाचे सगळे आयुष्य ज्येष्ठतेच्या यादीवर चालते. कोणते विमान मिळणार, कॅप्टन कधी होणार, दिवाळीत घरी असणार की नाही, आणि मंदीत कपात झाली तर आधी कोण जाणार, हे सगळे रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरते. ही यादी त्या त्या कंपनीची असते. कंपनी बदलली की वीस वर्षांचा अनुभव असलेला कॅप्टनही नव्या यादीत तळाशी बसतो. उड्डाणाचे तास त्याच्याबरोबर जातात, ज्येष्ठता जात नाही. मक्त्याने केलेल्या वावराला कितीही शेणखत घातले तरी मक्ता संपल्यावर ते वावर मालकाचेच राहते, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

यात आणखी एक मेख आहे. प्रादेशिक कंपनी भाडे ठरवत नाही आणि मार्गही निवडत नाही, त्यामुळे कंत्राट मिळवताना तिला खर्च कमी करूनच दाखवावा लागतो, आणि त्यातला हातात असलेला मोठा भाग म्हणजे माणसांचे पगार. कंपनी जुनी होते तसे तिचे वैमानिक ज्येष्ठ आणि महाग होतात, मग काम नव्या व स्वस्त कंपनीकडे जाते. म्हणजे माणूस टिकून राहिला, हाच त्याच्या कंपनीचा दोष ठरतो. कोमएअरचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ही कंपनी डेल्टाने २००० मध्ये विकत घेतली, २००१ मध्ये तिच्या वैमानिकांनी ८९ दिवस संप करून चांगला करार मिळवला, आणि पुढे खर्च जास्त असल्याचे कारण देत डेल्टाने २९ सप्टेंबर २०१२ रोजी ती बंद केली. तिच्या वैमानिकांना डेल्टाच्या यादीत आपोआप जागा मिळाली नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात ट्रान्स स्टेट्स, कंपास आणि एक्सप्रेसजेट या तीन प्रादेशिक कंपन्यांनी एकाच वर्षात उड्डाणे थांबवली.

दोन वर्षांच्या गणिताचीही हीच गत आहे. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेने वैमानिकांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६५ केले आणि लगेच २००८ ची मंदी आली. वरचे निवृत्त होईनात आणि मोठ्या कंपन्यांची भरती जवळजवळ थांबली. वरून कोणी हलत नसल्याने प्रादेशिक कंपन्यांतले सहवैमानिक डाव्या आसनावर, म्हणजे कॅप्टनच्या जागी, जाऊ शकत नव्हते, आणि कॅप्टन म्हणून तास नसल्याने मोठ्या कंपन्यांत अर्ज करताना मागे पडत होते. अनेकांची अशी कित्येक वर्षे गेली. काही प्रादेशिक कंपन्यांत वरच्या कंपनीत जाण्याची वाट करारात लिहिलेली असते हे खरे, पण त्या वाटेने महिन्याला किती जण जातील हे वरची कंपनी आपल्या गरजेप्रमाणे पाहते.

‘पगार भरपूर’ हे मात्र आता बऱ्याच अंशी खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. २०१३ पासून अमेरिकेत सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांचे उड्डाण आवश्यक झाले. पुढे करोनात मोठ्या कंपन्यांनी अनेकांना मुदतपूर्व निवृत्ती दिली आणि प्रवासी परतताच प्रादेशिक कंपन्यांतून माणसे ओढली. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या तीन प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर देऊ केले, आणि तरीही वैमानिक कमी पडल्याने टोलेडोसारख्या शहरांची सेवा त्याच वर्षी बंद झाली. हा पगार टंचाईने वाढवला, कंत्राटाने नव्हे. आणि भरतीचा ओघही कायम नसतो : २०२४ मध्ये बोइंगची विमाने वेळेवर मिळेनात, तेव्हा युनायटेडने वैमानिकांची भरती काही काळ थांबवली.

राहिला शेवटचा आणि आपल्या सर्वांत जवळचा मुद्दा : ‘आपल्याकडेही हेच होणार’. मुळात आपल्याकडची शिडी अमेरिकेसारखी नाही. तिथे १५०० तास जमवण्याच्या अटीमुळे प्रादेशिक कंपनी ही पहिली पायरी ठरते. आपल्याकडे २०० तासांवर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो आणि विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण घेतल्यावर तरुण थेट मोठ्या कंपनीच्या एअरबसवर सहवैमानिक होऊ शकतो. अडचण पायरी चढण्याची नाही, दारात उभे राहण्याची आहे. परवान्याला पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहून अधिक खर्च येतो आणि विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च बहुधा वेगळा असतो. २०२३ या एका वर्षात देशात सोळाशेहून अधिक असे परवाने दिले गेले. परवाना हाती असणे आणि नेमणूक हाती असणे यांत किती महिने किंवा वर्षे जातील हे संदेश सांगत नाही, कर्जाचा हप्ता मात्र वाट पाहत नाही. इंडिगोसारखी कंपनी आपली छोटी एटीआर विमाने २०१७ पासून स्वतःच्याच वैमानिकांकडून चालवते, दुसऱ्या कंपनीला कंत्राट देऊन नाही.

छोटी शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेचेही तसेच. ती मार्गावरचा तोटा भरून काढण्यासाठी कंपनीला सहसा तीन वर्षे मदत देते. वैमानिकाच्या नोकरीची हमी देणे हे तिचे कामच नाही. आमच्या बिरसीहून १३ मार्च २०२२ रोजी फ्लायबिग या छोट्या विमान कंपनीची सेवा सुरू झाली, आम्ही सारे बघायला गेलो होतो, आणि काही महिन्यांत ती बंदही पडली. मग १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगो आली. प्रवाशाला तिकिटावरचे नाव तेवढे बदलले. पहिल्या कंपनीच्या वैमानिकाची वर्षे मात्र दुसऱ्या कंपनीच्या यादीत धरली जात नाहीत.

आणि अमरावती. तिथल्या बेलोऱ्याच्या धावपट्टीवर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली ती अलायन्स एअरची. ही कंपनी एकेकाळी एअर इंडियाचीच होती आणि तिची तिकिटे एअर इंडियाच्या नावाने निघत. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून तिने एअर इंडियाच्या नावाने तिकिटे देणे थांबवले. वर्षाला १८० वैमानिक घडवण्यासाठी बेलोऱ्यालाच उभारली जाणारी प्रशिक्षण संस्था टाटांच्या एअर इंडियाची आहे. संदेशाने ही दोन नावे एकाच ओळीत एक करून टाकली आहेत. प्रत्यक्षात बेलोऱ्याहून मुंबईला विमान नेणाऱ्या वैमानिकाला त्याच धावपट्टीवर शाळा चालवणाऱ्या कंपनीत जायचे असेल, तर त्याला राजीनामा देऊन, सूचनेची मुदत पाळून, तिथे नव्याने अर्ज करावा लागेल आणि निवड झालीच तर यादीच्या तळापासून सुरुवात करावी लागेल.