शंभर पुस्तकांची पेटी आणि सहा इंची पडदा

छापील पुस्तकाच्या वासावरचा आणखी एक लेख वाचायची माझी आता तयारी नाही. छापील की ई-बुक हा वाद मराठीत निघाला की पहिल्या चार वाक्यांत कोऱ्या पानांचा गंध येतो, मागोमाग पानांची सळसळ आणि मुडपलेला कोपरा. समोरच्या बाजूची उत्तरंही ठरलेली: हजार पुस्तकं एका हातात मावतात, झाडं वाचतात, काळाबरोबर चला. जर्मनीत बसून हे वाचताना वाटतं, दोघंही आपापल्या आवडीची वकिली करतायत. (जुन्या पुस्तकाचा तो गोडसर वास कागदातलं सेल्युलोज आणि लिग्निन विघटित होताना सुटणाऱ्या संयुगांचा असतो. ज्याला आपण पुस्तकाचा आत्मा म्हणतो, ती कागद संपत चालल्याची वर्दी असते. असो.)

तिकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, चर्चेत एक घोळ हमखास असतो. ‘ई-बुकनं डोळे दुखतात’, ‘लक्षच लागत नाही’ असं सांगणाऱ्याला जरा खोदून विचारलं, तर तो फोनवर वाचत असतो. फोन वेगळा आणि ई-रीडर वेगळा. ई-रीडरच्या पडद्यात साधारण केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण, एकमेकांविरुद्ध विद्युतभाराचे. विजेचा इशारा मिळाला की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. पुढे ते अक्षर तसंच ठेवायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. पान दिसतं ते त्याच्यावर पडलेल्या उजेडात, कागदासारखंच. आतला दिवा लावला तरी त्याचा प्रकाश आधी पानावर पडतो. शिवाय वाचता वाचता कुणाचा निरोप टपकत नाही, कुणाचा वाढदिवस आठवून दिला जात नाही. फोनवरचा राग या बिचाऱ्या यंत्रावर काढण्यात अर्थ नाही.

कागदाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी वासाऐवजी संशोधनाचा आधार घेतला, तर त्यांच्या हाती थोडं बळ आहे. व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त नीट समजतो आणि घड्याळ लावून वाचायचं असेल तर हा फरक वाढतो, असं त्यात दिसलं. कथा वाचताना मात्र फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी नॉर्वेतल्या आनं मांगेन यांच्या गटानं एक मोठी रहस्यकथा निम्म्या वाचकांना कागदावर आणि निम्म्यांना किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरवर, वाचायला दिली. समज बहुतेक बाबतींत सारखीच निघाली. घटना कुठल्या क्रमानं घडल्या हे मात्र कागदवाल्यांना जास्त बरोबर सांगता आलं. हे मला पटतं. डाव्या हातातली पानं वाढतायत आणि उजव्या हातातली कमी होतायत, हे बोटांना कळत असतं. पडद्यावर ‘६२ टक्के’ असा आकडा दिसतो आणि त्यावरून काहीच लक्षात राहत नाही.

आता इकडचं सांगते. जर्मनीत ई-बुक येऊन इतकी वर्षं झाली, पण सर्वसामान्य वाचकांच्या पुस्तकबाजारात त्याचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे. छापील पुस्तक मेलं नाही आणि ई-बुकही बुडालं नाही. पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि तीच सगळ्या विक्रेत्यांनी घ्यायची, हा इथला कायदा २०१६ पासून ई-बुकलाही स्पष्टपणे लागू आहे. मूल्यवर्धित कर दोघांवर सारखाच, ७ टक्के. भारतात छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-बुकवर मात्र आहे. म्हणजे पडद्यावरचं पुस्तक हे पुस्तकच आहे की सेवा, याचं उत्तर दोन सरकारांनी दोन तऱ्हांनी दिलंय. आपल्याकडच्या वादात हा मुद्दा मी क्वचितच ऐकते.

इथे खरी भांडणं होतात ती ग्रंथालयांवरून. सार्वजनिक ग्रंथालयांची ‘ओनलाइहे’ ही सेवा २००७ पासून चालते. तुमच्या गावच्या ग्रंथालयाचं कार्ड असलं की घरबसल्या ई-बुक उसनं मिळतं आणि मुदत संपली की ते आपोआप परत जातं. पण नवी पुस्तकं कित्येक प्रकाशक ग्रंथालयांना महिनोन्‌महिने देतच नाहीत, विक्री बुडेल म्हणून. २०२१ मध्ये राज्यांच्या सभागृहानं, म्हणजे बुंडेसराटनं, ही पुस्तकं ग्रंथालयांना देणं बंधनकारक करावं असं सुचवलं, तेव्हा लेखक आणि प्रकाशक मिळून विरोधात उभे राहिले. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. छापील पुस्तक ग्रंथालयातून उसनं गेलं की लेखकाला त्याचा मोबदला मिळतो, अशी व्यवस्था इथे १९७२ पासून आहे. ई-बुकला ती लागू नाही. वाद कंटाळवाणा आहे, कलमं आणि टक्केवारीचा आहे, पण तो पुस्तक लोकांपर्यंत कसं पोचेल याबद्दल आहे. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. त्यांनी ई-बुक उसनं द्यावं का, दिलं तर लेखकाला काय मिळावं, हा प्रश्न वासाच्या लेखांमध्ये कुठेच येत नाही.

माझा सगळा रोख इथेच आहे. पुस्तक वाचून झाल्यावर त्याचं काय होतं? छापील पुस्तक मी मैत्रिणीला देते, ती तिच्या शेजाऱ्यांना देते, ते परत येत नाही आणि मी दोन वर्षं कुरकुरते. ई-बुकबाबत हे सुखदुःख नाही, कारण बहुतेक दुकानांत आपण पुस्तक विकत घेतच नाही, वाचायचा परवाना घेतो. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, माफीही मागितली. सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या सत्तेबद्दल लिहिणाऱ्या लेखकाच्याच पुस्तकांच्या वाट्याला हे आलं, यावर तेव्हा जगभर हसून झालं. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-बुकचं दुकान बंद केलं आणि घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे इथेही परत मिळाले. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून तारेनं यंत्रात टाकायची सोय अ‍ॅमेझॉननं काढून घेतली. आणि वाचून झालेलं ई-बुक पुन्हा विकता येईल का, या प्रश्नावर युरोपीय न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका प्रकरणात ‘नाही’ असं उत्तर दिलं.

परदेशातल्या मराठी वाचकाला हे जास्त लागतं. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात मराठी कपाट नसतं. आमची वाचनाची भूक भागते ती एकमेकांच्या घरातल्या फळ्यांवर, महाराष्ट्र मंडळाच्या एखाद्या खोलीतल्या संग्रहावर, आणि नशीब असेल तर पेटीवर. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना अनेकांना माहीत असेल: शंभर पुस्तकांची एक पेटी एका गटाकडे जाते, सगळ्यांची वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. २००९ मध्ये सुरू झालेल्या या पेट्या देशाबाहेरही पोचल्या. कुणीतरी दान दिलेली पुस्तकं, कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून फिरणारी. आता हीच पेटी ई-बुकची करून बघा. शंभर ई-बुकं घेऊन, एका यंत्रात भरून, यंत्रच फिरवायचं म्हटलं तर ते खातं कुणाच्या तरी नावावर असणार, आणि परवान्यात ते बसेल की नाही हे वकिलाला विचारावं लागेल. वजनानं हलकं असलेलं पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जायला इतकं जड व्हावं, ही गंमतच आहे.

यावर आपल्या लोकांनी शोधलेलं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली पीडीएफ. ‘परदेशात मिळतच नाही हो’ हे त्याचं समर्थन. मला ते पटत नाही. जिवंत लेखकाचं, बाजारात असलेलं पुस्तक फुकट फिरवणं ही चोरीच, मग ती कितीही सुसंस्कृत गटात होवो. पण प्रकाशक जेव्हा म्हणतात की याच चोरीच्या भीतीनं आम्ही ई-बुक काढत नाही, तेव्हा त्या पीडीएफ एकदा उघडून बघाव्यात. पानाच्या कडेला अंगठा दिसतो, मधल्या शिवणीची सावली दिसते. ते छापील पुस्तकाचे फोटो आहेत. ई-बुक न काढल्यानं चोरी थांबलेली नाही, प्रामाणिक गिऱ्हाईक तेवढं हुकलंय.

आणि जी मराठी ई-बुकं अधिकृतपणे मिळतात, त्यांची घडण हा एक वेगळाच विषय आहे. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं मिळायला लागली, तेव्हा मला वाटलं की आता प्रश्न मिटला. तांत्रिक अडचण मराठीची नव्हती. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठी संगणकांनी मानलेल्या एकाच अक्षरसंकेतात, देवनागरी कधीचीच होती. अडचण प्रकाशकांच्या कपाटातल्या फायलींची होती. वर्षानुवर्षं मराठी पुस्तकं ज्या जुन्या फाँटांत जुळवली गेली, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असायचे. छापायला उत्तम, पण फाँट काढून घेतला की मागे उरते निव्वळ अगम्य रोमन खिचडी. ती युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण रफार पुढच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या घरात शिरते, जोडाक्षरं फुटतात. म्हणजे अख्खं पुस्तक पुन्हा मुद्रितशोधकाच्या हाताखालून जायला हवं, आणि त्याचे पैसे कोण देणार? मग सोपा मार्ग: पानांची जशीच्या तशी पीडीएफ. सहा इंची पडद्यावर ती उघडली की अक्षरं मुंगीएवढी दिसतात. मोठी केली तर प्रत्येक ओळ वाचायला पान डावीउजवीकडे सरकवायचं. शोध चालत नाही, टीप करता येत नाही. असं ई-बुक एकदा वाचलेला माणूस कायमचा कागदाकडे परततो आणि पुढच्या वादात वासाबद्दल लिहितो.

वाईट याचं वाटतं की ई-रीडरचा सर्वांत मोठा फायदा ज्यांना व्हायला हवा, त्यांनाच तो होत नाही. तिकडे ई-रीडर म्हणजे तरुणांचं खूळ असा समज आहे. खरं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, जाड पुस्तक धरून मनगट दुखणाऱ्या माणसासाठी हे यंत्र आहे. अक्षर हवं तेवढं मोठं करा, दोन ओळींत अंतर वाढवा, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. पण मजकूर प्रवाही, म्हणजे पडद्याच्या मापानं ओळी बदलणारा, असेल तरच; चित्र म्हणून चिकटवलेल्या पानाला यातलं काही जमत नाही. युरोपीय संघात जून २०२५ पासून ई-बुक दृष्टिबाधितांनाही वाचता येईल अशा रीतीनं बनवणं कायद्यानं लागू झालंय. मराठीत निदान आमच्या आयांना वाचता येईल इतकं तरी व्हावं.

लहान मुलांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तिथे मला वाद दिसतच नाही. परक्या देशात वाढणाऱ्या मुलाला मराठी पुस्तक घरात अडखळायला हवं, खुर्चीवर पडलेलं, चित्रं वर आलेलं. यंत्रात बंद असलेल्या पुस्तकाला कुणी अडखळत नाही.

तेव्हा मला कुणी विचारलं, विशेषतः इकडे नव्यानं आलेल्यांनी, तर मी असं सांगते. विमानात सामानाची मर्यादा आहे आणि भाड्याची घरं बदलावी लागणार आहेत. पुस्तकांची खोकी जिने चढवताना साहित्यप्रेम कमी होतं. म्हणून ई-रीडर घ्याच. इंग्रजी, जर्मन आणि एकदा वाचून सोडून द्यायचं सगळं त्यावर वाचा, शक्यतो ग्रंथालयातून उसनं घेऊन. जुन्या मराठी लेखनासाठीही तोच: भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे १९६४ पर्यंत गेलेल्या लेखकांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन तिथे सगळ्यांचं झालंय, आणि विकिस्रोत या ऑनलाइन मुक्त ग्रंथालयात स्वयंसेवक ते अक्षर-अक्षर तपासून चढवतायत. तिथली पुस्तकं ईपब म्हणून, म्हणजे प्रवाही मजकुराच्या ई-बुक फायलीत, उतरवता येतात, कुणी ती पुसून टाकू शकत नाही. बॅगेतले किलो राखून ठेवा ते जिवंत लेखकांच्या नव्या मराठी पुस्तकांसाठी आणि मुलांच्या पुस्तकांसाठी, जी दुसऱ्याला देण्यासारखी आहेत.

प्रकाशकांना मात्र सांगायचंय ते याहून थोडं कठीण. आमच्यासारखे वाचक पूर्ण किंमत मोजायला तयार आहेत, छापील पुस्तकाएवढी मोजायलाही. त्या बदल्यात पीडीएफ नको, तपासलेलं युनिकोड ईपब द्या. आणि मंडळांच्या ग्रंथालयांसाठी वेगळा परवाना काढा: एक प्रत, एका वेळी एक वाचक, जास्त किंमत, लेखकाचा वाटा ठरलेला. युरोपीय न्यायालयानं २०१६ मध्ये ग्रंथालयांना याच अटीवर ई-बुक उसनं द्यायला वाव ठेवला होता, तेव्हा कल्पना काही जगावेगळी नाही. पहिल्या प्रकाशकानं असा परवाना जाहीर केला की आमचं मंडळ त्यासाठी वर्गणी काढेल, एवढं मी कार्यकारिणीला न विचारता लिहून टाकते.