खुलासा : बाळाच्या थायरॉईडबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

‘बाळ गुटगुटीत आहे, शांत झोपतंय, मग टाचेतून रक्त कशाला काढायचं? थायरॉईडची गोळी एकदा लागली की जन्माची’ असा मेसेज फिरतोय. मागच्या आठवड्यात मीही तो आमच्या ग्रुपवर टाकला होता. चूक माझी, म्हणून हे लिहितेय.

जन्मतः थायरॉईडचं संप्रेरक (हार्मोन) कमी असलेली बहुतेक बाळं सुरुवातीला अगदी ठणठणीत दिसतात, कारण आईचं थोडं संप्रेरक नाळेतून त्यांना मिळालेलं असतं. ‘शांत बाळ’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ते कधीकधी याचंच लक्षण असतं : जास्त झोप, दूध ओढायचा कंटाळा, बद्धकोष्ठता, न उतरणारी कावीळ. पण लक्षणांची वाट बघत बसलं तर मेंदूच्या वाढीचे दिवस हातचे जातात. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर बाळाची वाढ सहसा इतर मुलांसारखीच होते.

भारतातल्या बालरोग-अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या सूचनांनुसार ही तपासणी प्रत्येक नवजात बाळाची व्हायला हवी. रक्त नाळेचं किंवा शक्यतो ४८ ते ७२ तासांनी टाचेतून घेतात. कारण पहिल्या दिवशी टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, तपासणीत हेच मोजतात) सगळ्यांचाच वाढलेला असतो.

गोळी जन्मभर? काहींना हो. काहींची तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टर पुन्हा तपासणी करून बंदही करतात. स्वतःहून मात्र बंद करू नका.

जुना मेसेज कृपया डिलीट करा.