‘कंट्रोलर खराब, तासाचे पैसे वाया’ या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ या व्हिडिओ गेममध्ये एकही पेटी उघडली नाही, लॉकपिक (कुलूप उघडायची सळई) मोडतच राहिले, म्हणजे आमच्या कंट्रोलरची स्टिक खराब आहे आणि तासाचे पैसे परत मिळावेत, असे आपण लिहिले आहे. आपण उठल्यावर तोच कंट्रोलर आम्ही तपासला. स्टिकवरचा अंगठा काढला की गेमचा नायक हेन्री जागच्या जागी थांबतो आणि कॅमेरा तसूभरही सरकत नाही. स्टिक बिघडलेली असती, तर तो आपला आपणच चालू लागला असता. त्यामुळे पैसे परत करता येणार नाहीत.

आपला वैताग मात्र रास्त आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये हा गेम आला तेव्हापासून कंट्रोलरवर खेळणारे याच कुलपांवर चिडलेले आहेत. एका स्टिकने कर्सर फिरवून तो सोनेरी होईल ती जागा शोधायची, मग दुसऱ्या स्टिकने कुलूप फिरवायचे. पण कुलपाबरोबर ती जागाही सरकते, त्यामुळे पहिल्या अंगठ्याला तिच्या मागोमाग, तितक्याच वेगाने जावे लागते. फिरत्या जात्याच्या खुंट्याला बोट नुसते टेकवून ठेवावे, तसा हा प्रकार आहे. जरा चुकले की लॉकपिक मोडतो, त्याचा आवाज होतो आणि पहारेकरी येतो. त्यात हवे तेव्हा सेव्ह करायचे, तर गेममधल्या ‘सेव्हियर श्नाप्स’ या दारूची बाटली जवळ हवी.

१४०३च्या बोहेमियातल्या लोहाराच्या मुलाला, म्हणजे हेन्रीला, चोरी सहज जमू नये, हा गेम बनवणाऱ्या वॉरहॉर्स स्टुडिओचा हेतू मला पटतो. परंतु हेन्रीला वाचता येत नाही, ही अडचण हेन्रीचीच राहते. कुलपाची अडचण थेट खेळणाऱ्याच्या अंगठ्यावर येते, आणि तिथे त्यांचा अंदाज चुकला, असे माझे मत आहे. पुढे त्यांनीच कंट्रोलरसाठी सोपी पद्धत दिली, ती सेटिंग्जमध्ये आहे. काउंटरवरच्या मुलाने आपल्याला ती सुचवली होती. ‘गेम जसा आहे तसाच खेळायचा आहे’ असे आपणच म्हणालात.

आपले सेव्ह आम्ही पुसलेले नाही. पुन्हा आलात तर गेममध्ये आधी राताई गावाजवळच्या गिरणीत पेशेककडे जावे. तो सरावासाठी पेटी देतो आणि तिथे पहारेकरी नसतो. अवघड कुलपे कौशल्य वाढेपर्यंत सोडून द्यावीत. मूळ पद्धतीनेच खेळायचे असेल, तर आमच्या पीसीवर माउसने खेळावे. तिथे हेच काम पुष्कळ सोपे जाते आणि तासाचा दर तोच आहे.